शेवटची कधी घेतली?

नव्याने रुजू झालेल्या निवासी डॉक्टरांना खुलं पत्र

प्रिय डॉक्टर,

यंदा तुम्ही कुठल्या ना कुठल्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नाहीतर मेल मेडिकल वॉर्डात रुजू झाला असाल. पहिल्याच आठवड्यात ओव्हर तुमच्या कानावर पडेल. रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला एकेक बेड दाखवत भराभर सांगत जाते. चार नंबर, दमा, ऑक्सिजन चालू, दोन लिटर. सात नंबर, डेंग्यू, प्लेटलेट पाठवल्यात. बारा नंबर, अल्कोहोलिक, बांधलाय. पुढचा बेड.

बारा नंबरची लघवी किती झाली, शुगर किती आली, डोळे पिवळे दिसतात का, हे त्या ओव्हरमध्ये नसतं. अशा ओव्हर मी 35 वर्षं दिल्या आणि घेतल्या. 1986 साली नोकरीला लागले, 2021 साली इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. तेव्हा हे पत्र दुसऱ्या कुणाविरुद्धची तक्रार समजून वाचू नका. बांधायला गॉजची पट्टी मीच कपाटातून काढून दिलेली आहे.

मला सांगायचंय ते असं, की व्यसनी माणूस व्यसनावर उपचार घ्यायला क्वचितच येतो. तो येतो पोट फुगलं म्हणून, काळी शी झाली म्हणून, फिट आली म्हणून, गटारात पडून मांडीचं हाड मोडलं म्हणून. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 साली आला. दारूपायी ज्यांना मदतीची गरज आहे असे लोक त्यात 5.7 कोटींच्या वर निघाले. आणि ज्यांना दारूवाचून चालतच नाही अशा दर 38 जणांत एकानेच कसला तरी उपचार घेतलेला होता. बाकीचे 37 कुठे असतात? मला विचाराल तर आमच्याच वॉर्डात. ऑर्थोत, सर्जरीत, टीबीच्या खाटांवर. त्यांचं शरीर त्यांना ओढत आपल्या दारात आणतं, कधी वर्षातून चार-चार वेळा. आपण जेवढं मोडलंय तेवढं सांधून परत पाठवतो. कधी कधी तेवढंही करत नाही.

माझ्या पहिल्या पोस्टिंगला ऑर्थो वॉर्डात मार्केट यार्डातला एक हमाल होता. मांडी मोडलेली, पाय दोरी-वजनांनी ताणून धरणारं ट्रॅक्शन लावलेलं. पहिल्या दिवशी गरीब गाय. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा बशीत ओतताना अर्धा चादरीवर सांडला, मावशी त्याच्यावर ओरडली. तिसऱ्या रात्री तो मला म्हणाला, ‘सिस्टर, दोरीवर साप चढतोय, जरा झटका की.’ मग त्याने ट्रॅक्शनची वजनं उपसली. आम्ही चौघांनी मिळून त्याला बांधला. नाटकं करतो, असं आमच्यातलं कुणीतरी म्हणालं. अंग तापलेलं होतं, चादर घामाने ओली झालेली होती, नाडी मोजता येत नव्हती. पहाटे तो गेला. भरती झाल्यापासून तीन दिवसांत त्याला रोज किती लागते हे एकानेही विचारलं नव्हतं. मीही नाही.

हे काय होतं ते तुम्हाला पुस्तकात शिकवलेलं आहे, मी काय सांगू! पण पुस्तकात ते मानसोपचाराच्या धड्यात येतं आणि खाटेवर ते ऑर्थोत, सर्जरीत घडतं. दारू रोज मेंदूला दाबून ठेवते, मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावून चालायला शिकतो. दारू एकाएकी बंद झाली की दाब जातो, जोर तसाच राहतो. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात. फिट यायची असेल तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते. साप, मुंग्या, भिंतीतून बोलणारी माणसं आणि तो जीवघेणा ताप 48 ते 96 तासांत. म्हणजे सारं घड्याळावर चालतं. आणि घड्याळ कधी सुरू झालं ते फक्त पेशंटला नाहीतर त्याच्या बायकोला ठाऊक असतं.

म्हणून प्रश्न बदला. ‘दारू पिता का?’ या प्रश्नाला ‘कधीमधी’ हे ठरलेलं उत्तर आहे. वर प्रश्न विचारताना आपली भुवई चढलेली असते, ती त्याला दिसते. ‘शेवटची कधी घेतली?’ असं विचारा. शेवटचं जेवण कधी झालं, हे विचारता त्याच आवाजात. ‘सकाळी, स्टँडवर, एक क्वार्टर’ असं सरळ उत्तर येतं. ते वेळेसकट केस पेपरवर लिहा. पुढच्या दोन रात्री कुठली सिस्टर कशाला सामोरी जाणार आहे, ते त्या एका ओळीत येतं. मेंदूचा तो जोर उतरवणारं डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड वेळेवर सुरू झालं, लिव्हर गेलेलं असेल तिथे लोरॅझेपाम, तर बांधायची वेळच फारशी येत नाही. नुसतं हॅलोपेरिडॉल टोचून गप्प बसवू नका, त्याने फिट यायला वाट मोकळी होते. हे मला एका मानसोपचाराच्या रजिस्ट्रारने नोकरीच्या अठराव्या वर्षी सांगितलं. तोवर मी ते किती जणांना टोचलं असेल, याचा हिशेब मी मांडत नाही.

दुसरी गोष्ट पिवळ्या सलाईनची. दारूचा पेशंट आला की ग्लुकोजच्या बाटलीत मल्टिव्हिटॅमिन घालून ती पिवळी बाटली लटकवायची, ही आपल्याकडची रीतच आहे. नातेवाइकांनाही ती आवडते, काहीतरी चाललंय असं वाटतं. पण जो माणूस महिनोन् महिने जेवणाऐवजी देशी पीत आला, त्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, उरलेलंच नसतं, आणि ग्लुकोज पचवायला तर तेच लागतं. त्या बाटलीतलं चिमूटभर त्याला पुरत नाही. थायमिनची इंजेक्शनं वेगळी द्यावी लागतात, शिरेतून, आणि ग्लुकोजच्या आधी. शुगर खाली गेलेली असेल तर ग्लुकोज अडवून धरू नका, दोन्ही बरोबरच द्या. हे राहून गेलं की काय होतं ते कार्ल वेर्निकेने 1881 साली लिहून ठेवलंय. डोळे हलेनासे होतात, चालताना तोल जातो, माणूस बावचळतो. तिन्ही लक्षणं एका माणसात एकदम फार थोड्या वेळा दिसतात. आणि गंमत बघा, यातलं प्रत्येक लक्षण प्यायलेल्या माणसाचंच वाटतं! म्हणून त्याला कोपऱ्यात पडू देतात. जो वाचतो त्याची आठवण पुष्कळदा कायमची जाते. असे दोघे आमच्या वॉर्डात महिनोन् महिने बेवारस होते. रोज सकाळी मला नव्याने विचारायचे, ‘सिस्टर, गाडी कितीची आहे?’

आता वासाबद्दल. दारूचा वास आला की आपलं तपासणं निम्म्यावर थांबतं. हे मी माझ्या घरातून शिकले.

माझा थोरला भाऊ साखर कारखान्यात फिटर होता, पिणारा होता. 2009 च्या पावसाळ्यात तो जिन्यावरून पडला. गाव दुसरं, रुग्णालय दुसरं, मी इथे नाइटला. केस पेपरवर वेळ रात्री 11.40, पुढे ‘अल्कोहोल स्मेल प्लस’, आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा रकाना कोरा. वहिनी तिथल्या डॉक्टरांना सांगत होती, ‘आज रोजच्यापेक्षा कमीच घेतलेली, तरी बोलत का नाहीत हे?’ तिला सांगण्यात आलं, उतरली की बोलतील. दादा पहाटेपर्यंत बाकावर होता. वहिनीचा फोन आला तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं, ‘दोन्ही पापण्या वर कर, मोबाइलची बॅटरी मार आणि मला सांग.’ एक बाहुली मोठी होती. मग सगळे धावले.

रोज पिणाऱ्याचा मेंदू आक्रसतो, कवटीखालच्या शिरा ताणल्या जातात. लिव्हर बिघडलेलं असलं की रक्त गोठायलाही वेळ लागतो. तुमच्या-माझ्या डोक्याला टेंगूळ येईल एवढ्या माराने त्याच्या डोक्यात रक्त साचतं. शिवाय ‘प्यायलाय’ हे एकदा ठरलं की खाली गेलेली शुगर कुणी बघत नाही, न्यूमोनिया कुणी ऐकत नाही. मुंबईच्या मालवणी वस्तीत 2015 च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. मिथेनॉल पोटात गेलेला माणूस सुरुवातीला निव्वळ झिंगलेला दिसतो, डोळ्यांपुढे धुकं आलंय म्हणतो, आणि मग वेळ निघून जाते. त्या विषावर उतारा म्हणून शुद्ध अल्कोहोल देतात, हे कळलं तेव्हा आमचा वॉर्डबॉय हसून म्हणाला होता, काट्याने काटा!

तेव्हा नियम म्हणून नको, पण हाताला वळण म्हणून तरी, वास आला की ग्लुकोमीटर, दोन्ही बाहुल्या आणि बरोबर आलेल्या माणसाला एक प्रश्न: ‘रोज प्यायल्यावर हे असेच असतात का?’ वहिनीला जे दिसलं ते चोवीस तास उभ्या असलेल्या डॉक्टरला दिसणं कठीण होतं. मी त्या मुलावर रागावलेली नाही. रागावले होते, चार-पाच वर्षं.

दादा वाचला. उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं. दारू त्या रात्रीपासून सुटली, त्याचं घरात कुणी कौतुक करत नाही.

‘ॲब्सकॉन्डेड’, म्हणजे न सांगता पळून गेला, हा शब्द मी एका पेशंटच्या नावापुढे वेगवेगळ्या भरतींत सात वेळा लिहिला. पोटात पाणी झालेला, रिक्षावाला. पाणी काढायला यायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास नाहीसा व्हायचा. कधी कधी सलाईनची सुई हातात तशीच ठेवून. आम्ही म्हणायचो, याला बरंच व्हायचं नाही. आठव्या वेळी एका इंटर्न मुलीने त्याला भरती करतानाच थरथरीचं औषध लिहिलं आणि सिस्टरला सांगून ठेवलं, पाच वाजता याच्याजवळ जाऊन बसा. तो नऊ दिवस राहिला. पळून जाणाऱ्याला हौस नसते हो. अंग तोडतं, पोट ढवळतं, आणि समोरच्या गल्लीत 15 मिनिटांचा उतारा मिळतो हे त्याला ठाऊक असतं. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही तरी काय केलं असतं? टीबीच्या गोळ्या अर्ध्यावर सोडणाऱ्यांतही हीच माणसं जास्त. दारू जास्त पिणाऱ्याला टीबी व्हायची शक्यता इतरांच्या जवळजवळ तिप्पट, वर टीबीच्याच आयसोनियाझिड या गोळीने लिव्हर दुखावण्याचा धोका. त्याला गोळ्यांचं पाकीट देताना दारूचं औषध दिलं नाही, तर पाकीट घरच्या फळीवर राहतं.

टोचून घेणाऱ्यांबद्दल मला कमी माहिती आहे, आमच्या भागात ते थोडे होते. पण एका गर्दुल्ल्याने मला शीर शोधायला शिकवलं, ते सांगते. मी चौथ्यांदा सुई घालत होते आणि वैतागून काहीतरी बोलले. तो म्हणाला, ‘सिस्टर, या हाताच्या सगळ्या गेल्यात. पायाच्या घोट्यापाशी एक आहे, मी ती ठेवलीय तुमच्यासाठी.’ त्यानंतर मी अशा पेशंटला आधी विचारायचे. त्या पोराला गळू चिरताना पुरेसं वेदनाशामक मिळालं नव्हतं. ‘यांना सवय असते, मागतच राहतील,’ असं सर्रास बोललं जातं. खरं तर ज्याचं अंग अफूच्या औषधांना सरावलंय त्याला दुखणं थांबवायला जास्त लागतं, कमी नाही. आणि अशा प्रत्येकाची हिपॅटायटिस सीची तपासणी करा. 28 जुलै 2018 पासून केंद्राच्या कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत. बहुतेकांना 12 आठवडे पुरतात, आणि शंभरातले 95 जण पुरते बरे होतात. लिव्हरच्या एवढ्या मोठ्या दुखण्यावर एवढी सोपी गोळी माझ्या नोकरीत दुसरी आली नाही.

फीमेल वॉर्डात तर कुणी विचारतच नाही. मिश्रीबद्दल विचारतात, तेही दात बघून. बाईला दारूबद्दल विचारणं म्हणजे तिचा अपमान, असं आपल्याला वाटतं. कमी दारूत आणि कमी वर्षांत बाईचं लिव्हर जातं. वीटभट्टीवरची एक बाई कावीळ म्हणून तीनदा येऊन गेली. तिच्या गळ्यात काविळीची माळ होती, तीन गावच्या वैद्यांची औषधं झाली होती, आणि केस पेपरच्या ‘सवयी’ या रकान्यात तिन्ही वेळा ‘नाही’ लिहिलेलं होतं. चौथ्या वेळी मी पडदा ओढून विचारलं. ती म्हणाली, ‘इतकी वर्सं कुनी इचारलंच न्हाई, बाई.’

आता बाहेरच्या जगाचं थोडं, कारण त्याचा त्रास तुमच्याच टेबलावर येणार आहे. मी नोकरीला लागले त्याच वर्षी, 29 ऑगस्ट 1986 ला, पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथून परत आलेली, पुढे वीस-वीस वर्षं न प्यायलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे हे सुटतच नाही, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. पण प्रत्येक तालुक्याला मुक्तांगण नाही. नातेवाइकाची फरपट अशी होते: व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं, पोटात पाणी आहे, आधी हॉस्पिटलमधून फिट करून आणा. हॉस्पिटल म्हणतं, हा दारूचा पेशंट आहे, व्यसनमुक्तीत न्या. मधे एक बाई, एक रिक्षा आणि मागच्या सीटवर ओकणारा नवरा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी बहुधा असते, पण आपण चिठ्ठी लिहितो, ‘उद्या सकाळी 9, ओपीडी नंबर अमुक’, आणि ती चिठ्ठी उशीखाली राहते. ज्याचे हात थरथरतायत तो जिना चढून रांगेत उभा राहणार आहे थोडाच! त्या डॉक्टरांना वॉर्डात बोलवा. ते येतात, मी बोलावून पाहिलंय. त्यांनाही कुणी बोलावत नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारी अवस्था धरलेली आहे. आणि कलम 21 म्हणतं की अशा माणसाला शरीराच्या रोग्याइतक्याच दर्जाची सेवा मिळाली पाहिजे. त्याच कलमात विम्याचंही आहे. पण आरोग्य विम्याच्या पॉलिसीत अपवादांची जी ठरीव यादी छापलेली असते, तिच्यातला 12 वा अपवाद वाचा: दारू, अमली पदार्थ आणि त्यांच्या परिणामांवरचे उपचार मिळणार नाहीत. त्यामुळे खासगीत नातेवाईक डॉक्टरांच्या कानाशी लागतात, ‘दारूचं लिहू नका हं, क्लेम जाईल.’ डॉक्टरही माणूस असतो, लिहीत नाही. तिसऱ्या रात्री त्याला साप दिसू लागतात तेव्हा ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरच्या हातातला कागद कोरा असतो. हा घोळ तुम्ही सोडवू शकणार नाही, ते मंत्रालयाचं काम. पण कुणी असं कानाशी लागलं तर त्याला तिसऱ्या रात्रीचं सांगा. मग बहुतेक जण खरं बोलतात.

अपशब्द ऐकावे लागतील. अंगावर थुंकलेलं मी पुसलंय, एकदा मनगट मुरगळून घेतलंय. वॉर्डात चाळीस खाटा, साठ पेशंट, दोन सिस्टर, आणि त्यात हा ओरडणारा. अशा वेळी मायेने बोला असं मी सांगणार नाही, मला जमलेलं नाही. बीपी घ्या, शुगर बघा, बाहुल्या बघा, लिहा. तुमच्या मनात काय चाललंय ते त्याला नंतर आठवणार नाही, औषध मात्र अंगी लागलेलं असेल.

आणि ओव्हर चालू असताना जवळ उभे असाल, तर बारा नंबरपाशी सिस्टरला थांबवा. वीस सेकंद लागतात. नव्या ओव्हरची एक प्रत माझ्या वहीत आहे, माझ्यानंतर इन्चार्ज झालेल्या मुलीने लिहिलेली, तशीच उतरवते: ‘बारा नंबर, हमाल, 44 वर्षं, डावा पाय फ्रॅक्चर. शेवटची काल सकाळी 8 ला, रोज तीन क्वार्टर. लोरॅझेपाम चालू. थायमिन दिलं. शुगर 92. बाहुल्या सारख्या. रात्री एकदा उठून घरी जातो म्हणाला, बसवून पाणी दिलं, झोपला. बांधलेला नाही.’

आपली,
एक निवृत्त परिचारिका

ता. क. थायमिनच्या अँप्यूल औषधांच्या कपाटात बहुधा सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागे असतात. संपायच्या आधी इंडेंट टाका. आमच्याकडे शनिवारी दुपारनंतर स्टोअर बंद व्हायचं, आणि हे पेशंट शनिवारी रात्रीच येतात.